मुद्देमालातलं पायताण

मंगळवार पेठ, कोल्हापूर
नोव्हेंबर २००५

प्रिय प्रभू,

अनेक आशीर्वाद. तुझी ई-मेल मिळाली. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने छापून दिली, आणि छापता छापता त्याने ती वाचलीही असणार, कारण कागद हातात ठेवताना म्हणाला, "अण्णासो, पोरगं तिकडं जाऊन वकील झालं काय?" मी म्हटलं, नाही बाबा, इंजिनियरच आहे, पण लांब राहायला गेलं की माणसाला सगळ्यातलंच कळायला लागतं. एवढा जाड गठ्ठा बघून तुझ्या अव्वाला वाटलं, नातवाची, शिवांशच्या दातांची खबर असेल, चालायला लागल्याची असेल. चष्मा पुसून, पदर सावरून ऐकायला बसली. मी मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्या पानावर हॉलंडचे पोलीस, मग नॉर्वेचे तुरुंग, मग अमेरिकेतले ज्युरी, मग जपान, आणि शेवटी आपल्या देशाचं कसं काहीही होणार नाही याचा निकाल. शिवांशच्या वाट्याला तळाशी एक ओळ. अव्वाने चष्मा काढला आणि जोंधळे निवडायला घेतले.

आधी तुझ्या सायकलीविषयी. तिकडे हॉलंडात तुझी सायकल चोरीला गेली याचं वाईट वाटलं. पण त्यात तुला एवढं कौतुक कशाचं वाटलं ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही. म्हणे पोलीस ठाण्यात बाईसाहेबांनी बसायला खुर्ची दिली, हसून तक्रार लिहून घेतली, लगेच कागद हातात दिला, आणि निघताना सांगितलं की सायकल काही मिळायची नाही, विमा कंपनीला कळवा. यावर तू लिहितोस, याला म्हणतात सिस्टीम! अरे लेका, सायकल मिळाली का? चोर मिळाला का? आपल्या ठाण्यात खुर्ची मिळाली नसती हे कबूल, पण न मिळालेल्या सायकलीची पावती खुर्चीत बसून घेतली काय आणि उभ्याने घेतली काय. तुमच्याकडे चोर सापडत नाही आणि आमच्याकडे सापडलेला माणूस सुटत नाही, एवढाच फरक मला तरी दिसला.

नॉर्वेतल्या कैद्यांना स्वतंत्र खोली, खिडकी, टेबल आणि वाचायला पुस्तकं मिळतात हे ऐकून अव्वा म्हणाली, "मग घरला कोण कशाला येतंय?" शिक्षा म्हणजे सूड नव्हे, माणूस सुधारला पाहिजे, हे तुझं म्हणणं मला पटतं. माझं म्हणणं एवढंच, की सुधारायला आधी माणूस बिघडलेला लागतो. आणि अमेरिकेतल्या ज्युरींचं म्हणशील, तर रस्त्यावरची बारा साधी माणसं बोलावून त्यांना निकाल द्यायला सांगतात यात नवल ते काय? आपल्या बोळाच्या तोंडाशी कट्ट्यावर रोज बारा-पंधरा माणसं बसलेली असतात. गुन्हा व्हायच्या आधी निकाल देतात. आपल्या समोरच्या घरातल्या आकारामच्या बाबतीत या कट्ट्याने पहिल्याच संध्याकाळी निकाल दिला होता, निर्दोष म्हणून. तो तुझ्या अमेरिकेत चालला असता. इथे कट्टा चालत नाही, कागद चालतो, आणि त्या कागदावर तुझी सही आहे.

नऊ वर्षं तू मला देशोदेशीचा न्याय समजावतो आहेस आणि या एका केसचं नाव काढलं की तुझा फोन कट होतो. मागच्या खेपेला विद्याश्री म्हणाली, "मामंजी, त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं." रविवारी. म्हणून म्हटलं, फोन नको. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

जपानात म्हणे रस्त्यात पडलेलं पाकीट लोक चौकीत नेऊन देतात. चांगलं आहे. पण तुझ्या ऑफिसातल्या त्या जपानी मित्राला आपल्या बोळाची रीत तू कधी सांगितलीस का? आपल्याकडे गाडीची किल्ली गाडीलाच असायची. ज्याला नड येईल त्याने गाडी काढायची आणि मालकाच्या पायरीवर आपलं पायताण काढून ठेवायचं. विचारायला घरात कुणी असो वा नसो. मालक बाहेर आला, गाडी नाही पण पायताण आहे, म्हणजे गाडी घरच्याच माणसाकडे आहे. पायताण नाही म्हणजे चोरी. ही रीत माझ्या चुलत्यांच्या सायकलीपासूनची. आजोबा तुझे म्हणायचे, अनवाणी गेलेला माणूस लांब जात नाही, परत येतोच. प्रत्येकाचं पायताण आम्हाला पाठ असायचं. आकारामचं तर सगळ्यांत सोपं, टाचेला हिरव्या दोऱ्याची शिलाई, आणि चालताना बोळाच्या त्या टोकापर्यंत करकर ऐकू यायची. लहानपणी तू तेच पायात घालून फरफटत हिंडायचास, आणि तो बिचारा अनवाणी तुझ्यामागून. त्यानेच तुला खांद्यावर बसवून दसरा चौकात सोनं लुटायला नेलं, त्यानेच तुला माझी राजदूत मोटरसायकल चालवायला शिकवली. मी दुकानातून कधी उठलो होतो?

नऊ वर्षांपूर्वी, त्या डिसेंबरात मी आणि अव्वा आजऱ्याला गेलो होतो, दुकानासाठी काजू आणि घनसाळ तांदूळ बघायला. घरी तू एकटा. आकारामची शालूबाई बाळंतपणाला कागलला माहेरी होती, तिचं पोट दुखायला लागल्याचा निरोप त्याला दिवेलागणीला आला. त्याने रीतीप्रमाणे आमच्या पायरीवर पायताण काढलं, थंडी म्हणून कानटोपी ओढली आणि राजदूत घेऊन निघाला. तुला रात्रीची मुंबईची गाडी पकडायची होती, दुसऱ्या दिवशी मुलाखत. तू गॅलरीतून पाठमोरा माणूस बघितलास. घाई होती, राग आला, हे मी समजू शकतो. पण पुण्याच्या हॉस्टेलात चार वर्षं राहून तू पायरीवरच्या पायताणाचा अर्थ विसरलास, हे मला आजही समजत नाही. तू ते पायताण उचललंस आणि चोर पळताना टाकून गेला म्हणून ठाण्यात नेऊन दिलंस! अनोळखी इसमाने गाडी पळवली, अशी फिर्याद, आणि त्या खटाटोपात तुझी मुंबईची गाडीही चुकली. आपल्या पोलिसांनी आयुष्यात कधी नाही ती चपळाई नेमकी त्या संध्याकाळी दाखवली. कागलच्या अलीकडे नाकाबंदीत आकाराम सापडला. गाडी दुसऱ्याची आणि पाय उघडे. यापेक्षा चोराची आणखी लक्षणं काय असतात, असं फौजदारांना वाटलं. स्वप्नाली जन्मली तेव्हा तिचा बाप कोठडीत होता.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. मी तसाच ठाण्यात गेलो. म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, माझी काही तक्रार नाही, माणूस घरचा आहे, सोडा त्याला. फौजदार म्हणाले, "अण्णासो, गाडी तुमची असंल, पण गुन्हा आता सरकारचा हाय." मी म्हटलं, मग निदान ते पायताण तरी द्या, गरिबाचे पाय उघडे आहेत. म्हणाले, "ते मुद्देमालात गेलं." म्हणजे बघ, चोरीचा माल म्हणून गाडी जप्त आणि चोरीचा पुरावा म्हणून पायताण जप्त. ज्या वस्तूने तो चोर नाही हे आपल्या बोळातलं शेंबडं पोरही सांगेल, तीच वस्तू चिठ्ठी लावून त्याच्याविरुद्ध ठेवलेली. गाडी सोडवून न्या म्हणाले होते मला, पण कागदावर 'चोरीस गेलेली' असं लिहिलं होतं. मी सही केली नाही. चोरीला गेलीच नाही तर सही कशाची? तेव्हापासून राजदूत ठाण्याच्या आवारात उभी आहे. चाकांतून वेल चढला, सीटमध्ये चिमणीने घर केलं. यंदाच्या पुरात हँडलपर्यंत पाण्यात होती.

मग तारखा. तुला सिस्टीमचं वेड आहे म्हणून सांगतो, ही आमची सिस्टीम. कधी साहेब रजेवर, कधी सरकारी वकील नवे, कधी पंच गावाला गेलेला. तडजोड करतो म्हटलं तर आपले वकील हंबीरराव म्हणाले, चोरीची वस्तू अगदी किरकोळ किमतीची असेल तरच कायदा तडजोड मानतो, मोटरसायकल त्यात बसत नाही. मी साक्ष देतो म्हटलं तर सरकारी वकील म्हणाले, आधी फिर्यादी, मग तुम्ही. आणि फिर्यादी कुठे? तर फिर्यादी साता समुद्रापलीकडून उंटावरून शेळ्या हाकतोय. तुझ्या नावाचं समन्स घेऊन शिपाई इतक्या वेळा घरी आला, की आता अव्वा त्याला न विचारता चहा टाकते. तुझ्या लग्नाच्या वेळी तू आलास तेव्हा मी तुला हळदीच्या अंगाने कोर्टात नेलं, नेमके त्या दिवशी साहेब नव्हते आणि पुढची तारीख तुझ्या विमानानंतरची पडली. बाहेर पडताना तू म्हणालास, "बघितलंत ना अप्पा, या देशात काही होणार नाही." त्या दिवशी तरी तुझं खरं होतं.

मध्यंतरी हंबीररावांनी आकारामला सुचवलं, गुन्हा कबूल कर, पहिलाच आहे, थोडक्यात सुटशील, दर तारखेचा खाडा तरी वाचेल. अमेरिकेत बहुतेक केसेस म्हणे अशाच मिटतात, तूच लिहिलं होतंस. आकाराम म्हणाला, "जे केलंच न्हाय ते कबूल कसं करू, वकीलसायेब?" एस.टी.त ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव लागलं होतं, केस चालू आहे म्हणून ते गेलं. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामगारांची बस चालवतो, ठेकेदाराकडे. ठेकेदाराला केसचं माहीत नाही, तारखेच्या दिवशी हा पोटदुखी सांगतो. पायात रबरी स्लिपर. एकदा म्हटलं, अरे चांगलं चामड्याचं घे की एक, मी देतो. तर म्हणतो, "हाय की आपलं. कोर्टात हाय."

आणि त्या कट्ट्याचं सांगतो, बारा साध्या माणसांचं. पहिली दोन-तीन वर्षं सगळे आकारामच्या बाजूने होते. पुढे पुढे ऐकू यायला लागलं, इतकी वर्षं केस चाललीय म्हणजे काहीतरी असणारच. जुने गेले, नवीन भाडेकरू आले, त्यांना एवढंच माहीत की समोरच्यावर चोरीची केस आहे. आता बोळात सगळ्या गाड्यांना कुलपं आहेत आणि एकाने तर चाकाला साखळी लावली आहे. पायरीवर पायताण दिसलं तर घरात पाहुणा आलाय एवढाच अर्थ उरला. स्वप्नालीला शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं. तिने घरी येऊन विचारलं, "बाबा, तुम्ही गाडी चोरलती काय?" हे शालूबाईने अव्वाला सांगितलं, आणि अव्वा त्या दिवशी जेवली नाही.

आता या महिन्यातली गोष्ट. नवीन मॅजिस्ट्रेट बाई आल्या आहेत, तरुण आहेत, फाईल वाचून येतात. त्यांनी विचारलं, फिर्यादी इतक्या वर्षांत एकदाही का नाही? सरकारी वकिलांनी खांदे उडवले. बाई म्हणाल्या, मग मी सरकार पक्षाचा पुरावा बंद करते. हंबीरराव माझ्याकडे वळून असे हसले की जणू स्वतःच्याच मुलीचं लग्न ठरलं. पुरावा बंद म्हणजे पुराव्याअभावी सुटका, महिन्याभरात मोकळा! मी मनातल्या मनात अंबाबाईला साडी बोललो. आणि तेवढ्यात हा शहाणा आरोपीच्या पिंजऱ्यातून हात जोडून म्हणतो कसा, "बाईसायेब, मला एक तारीख द्या." बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हा पुन्हा म्हणाला, "फिर्यादी येऊ दे. त्येला एकदा बोलावून इचारा, मग मला काय करायचं ते करा." नऊ वर्षं ज्या माणसाने तारखांपायी नोकरी घालवली तो तारीख मागतो! तुझ्या नॉर्वेत, जपानात, अमेरिकेत असा एक तरी आरोपी सापडतो का बघ आणि मला कळव. बाईंनी शेवटची म्हणून एक तारीख दिली. हंबीररावांनी फाईल टेबलावर आपटली.

बाहेर कँटीनमध्ये मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, तुला अक्कल आहे का? देवाने दिलं आणि कर्माने नेलं! फुकट सुटत होतास. तो खाली मान घालून चहा बशीत ओतत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, पुराव्याअभावी म्हंजे चोर खराच, पुरावा घावला न्हाय एवढंच. स्वप्नालीला काय सांगू?" मी म्हटलं, ते खरं, पण प्रभू येईल याचा भरवसा काय? त्यावर त्याने जे सांगितलं ते इतक्या वर्षांत त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, शालूबाईलाही नाही. म्हणाला, "गाडीचं मला काय वाटत न्हाय, अण्णा. पोरगं चुकलं, पाठमोरं बघितलं त्यानं. पर दुसऱ्या दिवशी सकाळी त्येला ठाण्यात आणलं हुतं की. माझ्याम्होरं उभा केला. फौजदारांनी इचारलं, ह्येला वळखता काय? त्यानं माझ्याकडं बघितलं. मग टेबलावरच्या पायताणाकडं बघितलं. आणि न्हाय म्हणाला." एवढं बोलून त्याने बशी तोंडाला लावली. मग म्हणाला, "म्या म्हटलं, भ्यालंय पोरगं. उद्या सांगंल. कोर्टानं सोडलं तर सुटीन मी अण्णा, पर वळख कुठनं आणू?"

प्रभू, मला तू सांगितलं होतंस की तू त्याचा चेहरा पाहिलाच नाहीस. मी ते नऊ वर्षं धरून चाललो होतो. त्या कँटीनमध्ये मला आधी लाज वाटली, राग नंतर आला, आणि राग अजून आहे. मी तुझ्या बाजूने सगळं मांडून बघितलं. तुझा पासपोर्ट त्याच ठाण्यातून तपासून यायचा होता. ओळखीचा म्हणालास तर खोटी फिर्याद तुझ्याच अंगावर येईल असं कुणीतरी तुला सांगितलं असेल. वय कोवळं होतं. सगळं मांडलं आणि तरी हिशेब जुळत नाही, कारण त्या वेळी नाही म्हणालास ते भीतीने, पण नंतर दरवर्षी नाही म्हणत राहिलास, ते कशाने? सहा पानं लिहून जगभरचे तुरुंग मला फिरवून आणतोस, तेव्हा मला आता वाटतं की तूही आपल्या परीने तारखाच मागतो आहेस. तुला झोप लागत नसेल असं वाटून मला तुझी कीवही येते, आणि मग परत राग येतो. अव्वाला यातलं काही सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग.

हो, येऊन. त्यासाठीच हे पत्र. संक्रांतीनंतरचा सोमवार, ही शेवटची तारीख आहे, त्यानंतर बाई थांबणार नाहीत. फिर्यादीचं काय होईल हे मी हंबीररावांना विचारलं. म्हणाले, भीतीपोटी चूक झाली असं सरळ सांगितलं तर बाई समजून घेतील, आणि नाहीच घेतलं तर जे होईल ते होईल. मीही तेच म्हणतो. तुला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतील. कारकून कापडी पिशवीतून ते पायताण काढून टेबलावर ठेवील, चामडं वाळून वाकडं झालं असेल, पण हिरवा दोरा असेलच. विचारतील, हे कुणाचं? सहा पानं नकोत, दोन वाक्यं पुरेत. हे आकारामचं, आणि मी त्याला लहानपणापासून ओळखतो. आकाराम समोर असेल, त्याच्याकडे बघून सांग. येताना शिवांशला आण, अव्वाला त्याचे दात बघायचे आहेत, आणि स्वप्नालीलाही कुणीतरी खेळायला हवं आहे. निकाल लागला की मुद्देमाल परत देतात. राजदूत भंगारात जाईल, जाऊ दे. पायताण मात्र तू तुझ्या हातांनी मागून घे आणि त्याच्या पायांशी नेऊन ठेव.

अजूनही रागावलेला, तरी तुझाच,
अप्पा